गगनचुंबी इमारत आणि ओझ्याची वाट

आमच्या अकोल्याच्या जुन्या घरातील एका भिंतीला भेग होती. मी शाळेत असताना मे महिन्यात त्या भेगेत माझी करंगळी सहज जात असे. पावसाळा लागून जमीन भिजली की हीच भेग हळूहळू मिटू लागे आणि श्रावणात तिच्यात नखही शिरत नसे. वडील दरवर्षी दिवाळीच्या आधी ती सिमेंटने बुजवीत आणि दरवर्षी उन्हाळ्यात ती पुन्हा उघडे. घर अवघे एकमजली!

पुढे अकरावीत असताना रात्रभर गाडीत बसून मी पहिल्यांदा मुंबईला गेलो. समुद्र पाहायचा म्हणून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसलो, पण समुद्र पाहायचा राहिला आणि मी मान मागे टाकून नरिमन पॉइंटवरची एअर इंडियाची २३ मजली इमारत पाहत राहिलो. तिच्या शेजारी २५ मजल्यांची एक्सप्रेस टॉवर्स. सोबतच्या काकांनी सांगितले, "ही सारी जमीन समुद्रात भर घालून केलेली आहे." तेव्हा मनात जो प्रश्न आला, तो तुमच्याही मनात आलाच असेल. आमचे एकमजली घर पक्क्या जमिनीवर धड उभे राहत नाही. मग समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवर हे २३ आणि २५ मजले कसे उभे राहतात?

या प्रश्नाचे उत्तर मला भौतिकशास्त्र शिकताना आणि पुढे ते शिकवताना तुकड्यातुकड्यांनी मिळत गेले. ते सारे तुकडे आज जोडून पाहू. उत्तराचे सूत्र मात्र आधीच सांगून टाकतो. इमारतीवर जे जे ओझे येते, त्याला जमिनीपर्यंत जाण्यासाठी एक अखंड वाट लागते. ही वाट जिथे तुटते तिथे इमारत मोडते, मग ती एक मजल्याची असो की शंभर मजल्यांची.

भिंत की सांगाडा?

वऱ्हाडात अनेक गावांत जुन्या गढ्या आहेत. त्यांच्या भिंती तळाशी किती जाड असतात ते पाहा. कारण उघड आहे. भिंतीच्या सर्वांत खालच्या थराला वरच्या सगळ्या थरांचे वजन पेलावे लागते. भिंत जितकी उंच, तितका तळ जाड. अमेरिकेतील शिकागो शहरात १८९१ साली मोनॅडनॉक नावाची १६ मजली कचेऱ्यांची इमारत विटांच्या भिंतींवर उभारली गेली. तिच्या तळमजल्याच्या भिंती सुमारे १.८ मीटर जाड कराव्या लागल्या! आणखी मजले चढवायचे तर तळमजल्याची मोलाची जागा भिंतीच खाऊन टाकणार. म्हणजे या रीतीची मजल येथेच संपली.

नवी रीत त्याच शहरात त्याआधीच निघाली होती. विल्यम ले बॅरन जेनी या अभियंत्याने १८८५ साली होम इन्शुरन्स कंपनीची १० मजली इमारत बांधली. तिचे ओझे मुख्यतः लोखंड-पोलादाच्या खांबांनी आणि तुळयांनी उचलले होते. जगातील पहिली गगनचुंबी इमारत म्हणून सहसा हिचेच नाव घेतात. १९३१ साली ती पाडण्यात आली.

पण या कल्पनेचे आपण एवढे नवल करण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात शिरा. सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, आणि कड्यांवर माळा. माळ्याचे ओझे कड्यांवरून तुळयांवर, तुळयांवरून खांबांवर आणि खांबाखालच्या दगडावरून जमिनीत जाते. म्हणून एखाद्या वाड्याची भिंत पावसात ढासळली तरी छप्पर जागेवर राहिल्याचे जुनी माणसे सांगतात. लग्नाच्या मांडवातही हेच असते. ओझे वाशांवर, कनात केवळ आडोशाला! आजच्या उंच इमारतीच्या बाहेर जी काच चमकते ती ही कनातच होय. काच आपले स्वतःचे वजन आणि तिच्यावर येणारा वारा तेवढा सांगाड्याच्या हवाली करते. मजल्यांचे ओझे ती उचलत नाही.

सांगाड्याचा एक गुण संकटात दिसतो. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत जे बॉम्बस्फोट झाले, त्यांत एअर इंडियाची इमारत आणि १९८० साली पूर्ण झालेली शेअर बाजाराची उंच इमारत या दोन्हींच्या तळाशी मोटारीतील बॉम्ब फुटले. अनेक माणसे प्राणास मुकली. तरीही दोन्ही इमारती उभ्या राहिल्या. चांगल्या सांगाड्यात खांब आणि तुळया एकमेकांत गुंतलेल्या असतात. एक वाट मोडली तर ओझे शेजारच्या वाटेने जाऊ शकते.

वर जायचे कसे?

सांगाडा मिळाला तरी दहाव्या मजल्यावरच्या कचेरीत रोज जिने चढून कोण जाणार? लिफ्ट नसती तर उंच इमारती झाल्याच नसत्या. दोराने माल वर ओढण्याची यंत्रे पूर्वीही होती. पण दोर तुटला तर काय, या भीतीने माणसे त्यांत बसत नसत. एलिशा ओटिस याने १८५४ साली न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात एक धाडसी प्रयोग केला. तो स्वतः उंच टांगलेल्या पाळण्यात उभा राहिला आणि लोकांसमोर त्याने दोर तोडायला लावला. पाळणा किंचित खाली आला आणि जागच्या जागी थांबला! दोराचा ताण नाहीसा होताच एक स्प्रिंग सुटून बाजूच्या दातेरी पट्ट्यांत अडकावी, अशी त्याची योजना होती. १८५७ साली न्यू यॉर्कच्या एका दुकानात माणसांसाठी पहिली लिफ्ट सुरू झाली.

नेहमीच्या लिफ्टच्या दोराचे दुसरे टोक मोकळे नसते. वरच्या चाकावरून पलीकडे गेलेल्या त्या टोकाला एक जड वजन बांधलेले असते. ते रिकाम्या लिफ्टचे वजन अधिक भरलेल्या माणसांच्या वजनाचा साधारण निम्मा भाग, एवढे ठेवतात. तराजूची दोन्ही पारडी जवळजवळ सारखी झाली की मोटारीला फक्त फरकाचे वजन उचलावे लागते. विहिरीची मोट ओढताना बैलांना सारे वजन ओढावे लागे, आणि म्हणून ती ओढताना ते उतारावरून खाली जात. येथे मात्र उतरणारे वजनच चढणाऱ्या पाळण्याला मदत करते.

पाण्याचीही अडचण लक्षात घ्या. पाण्याचा स्तंभ १० मीटर उंच झाला की तळाचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. १०० मीटर उंचीच्या इमारतीत गच्चीवरच्या एकाच टाकीतून पाणी सोडले तर तळमजल्याच्या नळाला सुमारे १० वातावरणांचा दाब बसेल आणि तोटी उडून जाईल. म्हणून फार उंच इमारतींत मधल्या मजल्यांवर टाक्या किंवा दाब कमी करणाऱ्या झडपा बसवतात.

खरा शत्रू वारा

आता मुख्य गोष्टीकडे वळू. उंच इमारतीचा अभियंता वजनापेक्षा वाऱ्याला अधिक भितो, असे म्हटले तर तुम्हाला खरे वाटेल काय? गणितच करून पाहू.

वाऱ्याचा वेग सेकंदाला इतके मीटर असा मोजला, तर त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ०.६ × (वेग)² न्यूटन असतो. भारतीय मानकांत मुंबईसाठी धरलेला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर आहे. त्यावरून दाब येतो ०.६ × ४४ × ४४ = सुमारे ११६० न्यूटन. ओळखीच्या भाषेत सांगायचे तर भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ सव्वा क्विंटलचे पोते आडवे रेटले जाते! इमारत ३० मीटर रुंद आणि १०० मीटर उंच असली तर एकूण रेटा सुमारे ३५० टनांचा. दहा-दहा टनांचे ३५ ट्रक बाजूने ढकलत आहेत अशी कल्पना करा.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. इमारत म्हणजे जमिनीत रोवलेली काठी. तिची उंची दुप्पट केली तर वजन दुप्पट होते. पण वारा तिला मुळाशी ज्या बलाघूर्णाने वाकवतो ते चौपट होते, आणि काठी तेवढीच जाड ठेवली तर शेंड्याचे झुकणे सोळा पट होते!

हे घरी थोडेसे पडताळता येते. ३० सेंटिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी घ्या. तिचा १० सेंटिमीटर भाग टेबलाच्या कडेबाहेर काढून उरलेला भाग पुस्तकांखाली घट्ट दाबून ठेवा. बाहेरच्या टोकाला दोऱ्याने छोटे वजन टांगा आणि टोक किती मिलिमीटर खाली येते ते मोजा. आता २० सेंटिमीटर भाग बाहेर काढून तेच वजन टांगा. पट्टी दुप्पट नव्हे, सुमारे आठ पट वाकेल. येथे वजन केवळ टोकाला आहे. वाऱ्याचा रेटा साऱ्या लांबीवर पसरलेला असल्याने आणि लांबी वाढली की रेटाही वाढत असल्याने इमारतीच्या बाबतीत आठाचे सोळा होतात.

उंच इमारती वाऱ्यात खरोखरच डुलतात. थोडे डुलणे चालते. पण ते किती असावे यास मर्यादा आहे. आपल्याकडच्या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे वाऱ्याने शेंड्याचे सरकणे उंचीच्या पाचशेव्या भागाहून अधिक असू नये. १०० मीटर उंच इमारतीला ही सूट २० सेंटिमीटरची होते.

मग इमारतीला ताठ करायचे कसे? लिफ्टचे आणि जिन्याचे कूप मध्यभागी घेऊन त्यांच्या भोवती काँक्रीटच्या जाड भिंती उभारायच्या. इमारतीच्या पोटात पायापासून गच्चीपर्यंत जाणारा हा गाभा तिच्या कण्यासारखे काम करतो. वाऱ्याचे आडवे ओझे मजल्यांच्या फरशा या कण्याकडे नेतात आणि कणा ते पायात नेऊन सोडतो. ही झाली आडव्या ओझ्याची वाट.

बांबूने शिकवलेला धडा

मजले वाढत गेले तसा मध्यभागीचा कणा अपुरा पडू लागला. यावर ज्याने तोड काढली तो अभियंता आपल्या उपखंडातलाच. फझलुर रहमान खान यांचा जन्म १९२९ साली ढाक्यात झाला. पुढे ते अमेरिकेत शिकले आणि शिकागोत काम करू लागले. त्यांचा विचार असा : कणा मधोमध कशाला? सगळे ताकदीचे खांब बाहेरच्या कडेला जवळजवळ ठेवून एकमेकांना घट्ट जोडले, तर साऱ्या इमारतीचीच एक पोकळ नळी होईल.

मेळघाटातला बांबू आठवा. त्याच वजनाची, त्याच लाकडाची भरीव काठी घेतली तर ती बारीक होईल आणि चटकन वाकेल. बांबू वाकत नाही, कारण त्याचे सारे द्रव्य मध्यापासून दूर, कडेला आहे. वहीचा एक कागद उभा करून पाहा. तो स्वतःलाही सावरत नाही. तोच गुंडाळून नळी करा, दोऱ्याने बांधा आणि वर पुस्तक ठेवा. नळी पुस्तक पेलते!

या युक्तीने किती पोलाद वाचले ते पाहा. १९३१ साली न्यू यॉर्कमध्ये झालेल्या १०२ मजली एम्पायर स्टेट इमारतीला मजल्यांच्या दर चौरस मीटरमागे सुमारे २०६ किलो पोलाद लागले होते. खान यांच्या रचनेने १९६९ साली शिकागोत पूर्ण झालेल्या १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटरला तेच सुमारे १४५ किलो पुरले. त्यानंतर खान यांनी नऊ चौकोनी नळ्यांची एक मोळीच बांधली. ती म्हणजे १९७४ साली पूर्ण झालेला, ११० मजल्यांचा आणि ४४२ मीटर उंचीचा शिकागोचा सिअर्स टॉवर. दोन तपांच्या आसपास तो जगातील सर्वांत उंच इमारत म्हणून ओळखला गेला. खान १९८२ साली वारले. पण २०१० साली दुबईत उघडलेल्या ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफाचा मधला गाभा आणि त्याला तीन बाजूंनी आधार देणारे पंख पाहिले की त्यांच्याच विचाराची पुढची पिढी दिसते.

जमिनीखालची गोष्ट

आता परत मुंबईला येऊ. नरिमन पॉइंटची जमीन अरबी समुद्रात भर घालून मिळवलेली आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर अशी भर घालण्याच्या कामातील गैरकारभार १९२० च्या दशकात चव्हाट्यावर आणणारे खुर्शेद फ्रामजी नरिमन यांचेच नाव या जागेला दिलेले आहे. एक्सप्रेस टॉवर्सची रचना जोसेफ अ‍ॅलन स्टाइन यांनी केली, तर १९७४ साली पूर्ण झालेल्या एअर इंडियाच्या इमारतीची न्यू यॉर्कच्या जॉन बर्गी यांनी. एअर इंडियाचे मुख्यालय २०१३ साली दिल्लीला गेले आणि २०२४ साली ही इमारत १,६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र शासनाला देण्यास केंद्राने मान्यता दिली.

२५ मजल्यांच्या इमारतीचे ओझे किती असावे? सामान, माणसे, भिंती सारे मिळून प्रत्येक मजल्यावर दर चौरस मीटरला सुमारे १ टन धरा. म्हणजे तळाशी दर चौरस मीटरला २५ टन झाले. आपली काळी माती फार तर दहा-पंधरा टन सोसते. टणक काळा पाषाण मात्र शेकडो टन सहज सोसतो. म्हणून भरावाच्या जमिनीवर उंच इमारत बांधताना भर आणि गाळ ओलांडून खालच्या खडकापर्यंत काँक्रीटचे खांब उतरवतात. म्हणजे इमारत समुद्रातल्या भरावावर उभी दिसते, पण उभी असते खडकावर. भर ही केवळ मधून जाण्याची जागा!

गंमत अशी की दख्खनच्या पठारावर कोट्यवधी वर्षांपूर्वी जो लाव्हा पसरला, त्याच्या खडकाची झीज होऊनच आपली कपाशीची काळी माती झाली. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण पत्त्यांच्या जोडासारखे थरांचे असतात. पाणी या थरांच्या मध्ये शिरले की माती फुगते, वाळली की आकसते आणि शेतात भेगा पडतात. आमच्या घराचा उथळ पाया याच फुगणाऱ्या-आकसणाऱ्या थरावर होता. पाया वर्षातून एकदा उचलला जाई, एकदा खाली बसे, तोही सगळीकडे सारखा नव्हे. भिंतीतली भेग म्हणजे जमिनीच्या श्वासाची नोंद होती म्हणा ना!

घरापुरता खडक गाठण्याची आवश्यकता नाही, आणि पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूरच्या बाजूला, तो गाळाखाली इतका खोल आहे की गाठणे परवडणारही नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने यावर छान उपाय शोधला. जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोल, जिथे मातीचा ओलावा बारा महिने फारसा बदलत नाही तिथपर्यंत बारीक खांब न्यायचा आणि त्याच्या खालच्या भागाला कांद्यासारखा फुगीर कंद करायचा. कंदाचा व्यास खांबाच्या व्यासाच्या साधारण अडीच पट असतो. वरची माती फुगून खांबाला वर ओढू लागली तरी कंद त्याला खाली धरून ठेवतो.

वाट तुटली की...

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे घरांखाली गाडली गेली. ती घरे उंच नव्हती. त्यांच्या दगडमातीच्या जाड भिंती सरळ खाली येणारे ओझे वर्षानुवर्षे नेत होत्या. पण आडव्या धक्क्याला त्यांच्यात वाटच नव्हती. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेतही अनेक मजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या पुष्कळ इमारतींचा तळमजला गाड्या ठेवण्यासाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला होता. वरच्या मजल्यांना भिंतींचा ताठपणा होता आणि तळाशी तो एकदम संपत होता. वाट तुटली ती नेमकी तिथे.

हे मी तुम्हाला मुंबईसाठी सांगत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ही 'उंच इमारत' समजली जाते. अमरावतीत आणि अकोल्यात आज जी पाच-सहा मजली घरे आणि कचेऱ्या उठत आहेत, त्यांतल्या अनेक या व्याख्येत बसतात. तेव्हा शाळेतून येताना एखादे बांधकाम दिसले तर बाहेरूनच नीट पाहा. खांब एकावर एक सरळ रेषेत आहेत काय? तळमजल्यावर खांबांना जोडणारी एखादी भक्कम काँक्रीटची भिंत आहे, की सारे मोकळेच आहे? लिफ्टचा कूप काँक्रीटचा आहे की विटांचा? आणि दुकान ऐसपैस व्हावे म्हणून कोणी मधला एखादा खांब काढण्याच्या गोष्टी करू लागला, तर तो एक खांब नव्हे, वरच्या साऱ्या मजल्यांची वाट काढून घेत आहे, हे तुम्हाला सांगता आले पाहिजे.

आमचे जुने घर पुढे उतरवावे लागले. नवे बांधताना मी कंदाच्या खांबांचा हट्ट धरला. शेजारी हसले, एवढ्याशा घराला एवढा पाया कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्याला आता दहाहून अधिक उन्हाळे झाले. दर मे महिन्यात मी त्या भिंतीवरून बोट फिरवून पाहतो. अजून तरी ते कुठे अडकलेले नाही.